खोक्याची मागची बाजू

सोमवारी सकाळी दवाखान्यात गर्दी असते. त्या गर्दीत एक बाई आत आल्या, खुर्चीवर बसण्यापूर्वीच कापडी पिशवीतून एक रंगीत खोके काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच सांगितलं होतंत ना, फायबर वाढवा म्हणून? चार महिने हेच खातेय. दीड किलो वाढलंय माझं."

त्यांचे वय ४६. शाळेच्या कार्यालयात नोकरी, शाळा सकाळची. उंची १५५ सेंटिमीटर, वजन चार महिन्यांपूर्वी ७१.५ किलो आणि त्या दिवशी ७३. थायरॉईडची गोळी सहा वर्षांपासून चालू. (त्यांची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.) मी त्यांचे जुने केसपेपर उलटून पाहिले. माझ्याच अक्षरात तेथे लिहिलेले होते : 'चोथा वाढवा. वजन कमी करा.' एवढेच. कसा वाढवा, कशातून, किती, गोळीशी त्याचे काय नाते, यातले एक अक्षरही नव्हते. तीस वर्षांच्या व्यवसायात हे वाक्य मी किती कागदांवर लिहिले असेल याचा हिशेब करण्याचे धाडस मला झाले नाही. रुग्णाने आपला सल्ला अगदी प्रामाणिकपणे पाळला आणि त्याचे नुकसान झाले, यासारखी ओशाळवाणी गोष्ट डॉक्टरच्या आयुष्यात दुसरी नसते.

खोके म्यूस्लीचे होते. दर्शनी बाजूस बदाम, मनुका, दुधाची शुभ्र धार आणि 'हाय फायबर' अशी ठसठशीत अक्षरे. मागची बाजू मात्र त्यांनी कधी वाचलेली नव्हती. आम्ही दोघींनी ती मिळून वाचली. १०० ग्रॅममध्ये ऊर्जा ४१० कॅलरी, चोथा ८ ग्रॅम, वरून घातलेली साखर १७ ग्रॅम. एका वेळचे प्रमाण ३० ग्रॅम. "तुम्ही किती घेता?" असे विचारता त्या म्हणाल्या, "एक वाटी." वाटी हे आपल्याकडील सर्वांत फसवे माप आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना ती वाटी घेऊन येण्यास सांगितले. दवाखान्याखालील किराणा दुकानाच्या काट्यावर नेहमीप्रमाणे भरलेली वाटी ठेवली तेव्हा आतील ऐवज भरला ८५ ग्रॅम.

आता साधे गणित करू. ८५ ग्रॅम म्यूस्लीच्या सुमारे ३५० कॅलरी. त्यावर पाव लिटर म्हशीचे साय न काढलेले दूध, म्हणजे सुमारे २५० कॅलरी. एक केळे आणि 'साखर नको म्हणून' एक मोठा चमचा मध, त्यांच्या मिळून दीडशे. सकाळी सात वाजता साडेसातशे कॅलरी पोटात गेल्या. पूर्वी त्या बशीभर पोहे आणि चहा घेत असत, ते याच्या निम्म्यानेही क्वचितच भरत असावे. शिवाय पोहे खाल्ल्यावर 'आज जरा जास्तच झाले' अशी टोचणी तरी असे. खोक्यातील अन्न औषध समजून खाल्ले जाते, त्यामुळे ती टोचणीही नाही.

पण खरा धक्का रक्ताच्या अहवालाने दिला. आधी ३.१ असलेले टीएसएच ९.४ वर गेले होते. गोळी रोज घेतली जात होती, एकही दिवस चुकला नव्हता. मग घडले काय? पूर्वी सकाळी पोहे करायचे म्हणून त्या साडेपाचला उठत, उठल्याबरोबर गोळी घेत आणि तासाभराने खात. खोके घरात आल्यावर स्वयंपाकघरातील तो वेळ वाचला, अर्धा-पाऊण तास जास्त झोप मिळू लागली, आणि गोळी व दुधातली वाटी यांमधील अंतर पाच मिनिटांवर आले. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर काही खायचे नसते. चोथा आणि दुधातील कॅल्शियम, दोन्ही तिच्या शोषणात अडथळा आणतात. वाढलेल्या दीड किलोपैकी थायरॉईडमुळे किती आणि वाटीमुळे किती हे वेगळे काढून दाखवता येणार नाही. दोघांनी मिळून काम केले होते, एवढे निश्चित.

या प्रसंगानंतर मी स्वतःच किराणा दुकानांतील आणि मॉलमधील न्याहारीची खोकी उलटून वाचू लागले. (घरच्यांना याचा फार कंटाळा येतो.) त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते.

प्रथम चोथा म्हणजे काय ते पाहू. वनस्पतिजन्य अन्नातील जे पदार्थ आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत, त्यांना आपण तंतुमय पदार्थ किंवा चोथा म्हणतो. ओट्स, जवस, पेरू, सफरचंद, डाळी यांतील काही चोथा पाण्यात विरघळून बुळबुळीत होतो. त्यामुळे जठर सावकाश रिकामे होते, साखर रक्तात हळूहळू उतरते आणि भूक उशिरा लागते. गव्हाच्या कोंड्यातील चोथा बहुतांशी न विरघळणारा असतो. तो मळाचे आकारमान वाढवतो. मोठ्या आतड्यातील जीवाणू यातील काही भाग आंबवतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्ले तयार होतात. आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी युगांडात अनेक वर्षे काम केले. तेथील खेडुतांचा आणि इंग्लंडमधील लोकांचा आहार व मळ यांची त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तुलना केली आणि १९७० च्या दशकात हा दुर्लक्षित विषय वैद्यकाच्या ऐरणीवर आणला. त्यापूर्वी चोथा म्हणजे अन्नातील टाकाऊ भाग असेच आम्हा डॉक्टरांच्या आधीच्या पिढ्या शिकत आल्या होत्या.

वजनाचे काय? येथे मी स्पष्ट लिहिते, कारण खोक्यावरील चित्रे ते सांगत नाहीत. चोथा चरबी जाळत नाही. तो पोट भरल्याची जाणीव टिकवतो, आणि त्यामुळे आपण पुढच्या वेळी थोडे कमी खाल्ले तरच वजन उतरते. २०१५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील संशोधकांनी चयापचयाच्या तक्रारी असलेल्या २४० प्रौढांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला एकच सूचना होती : दिवसाला ३० ग्रॅम चोथा खा. दुसऱ्या गटाला हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा अनेक नियमांचा सविस्तर आहार दिला होता. वर्षअखेरीस पहिल्या गटाचे वजन सरासरी २.१ किलोने, तर दुसऱ्याचे २.७ किलोने घटले होते. वर्षभरात दोन किलो! जाहिरातीच्या मानाने हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण एकच साधी गोष्ट सांभाळून, उपाशी न राहता मिळालेले हे दोन किलो मला मोलाचे वाटतात. मात्र त्या लोकांनी तो चोथा खऱ्याखुऱ्या अन्नातून दिवसभरात खाल्ला होता. साखरेच्या पाकात घोळवलेल्या एका वाटीतून नव्हे.

न्याहारीच्या खोक्याचा जन्म, गंमत म्हणजे, एका डॉक्टरच्याच हातून झाला. अमेरिकेतील बॅटल क्रीक गावी डॉ. जॉन हार्वे केलॉग हे आरोग्यधाम चालवीत. रुग्णांसाठी सौम्य, निरामिष आहार शोधताना त्यांनी आणि त्यांचे धाकटे बंधू विल यांनी धान्य शिजवून, लाटून, भाजून त्याचे पापुद्रे केले; १८९५ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे विल यांना त्यात साखर घालून ते बाजारात खपवावेसे वाटले, डॉक्टरांना ते मानवेना, आणि भावाभावांत कायमचे बिनसले. १९०६ साली विल यांनी स्वतःची कंपनी काढली. पुढे काय झाले ते आपल्या सर्वांच्या फडताळात आहे. ही कंपनी १९९४ साली भारतात आली तेव्हा तिचे पोहे थंड दुधातून खायचे असतात हे आपल्याला ठाऊक नव्हते; आपण सवयीने ऊन दूध ओतले आणि त्याची पेज झाली! आज मात्र घरातील नातवंडे खोके पाहूनच न्याहारीला बसतात.

तर मग खोके घ्यायचे झाल्यास कसे निवडावे? दर्शनी बाजू पाहूच नये, ती जाहिरात असते. 'मल्टिग्रेन' म्हणजे अनेक धान्ये, पण ती कोंड्यासकट असतील असे नव्हे. 'मधयुक्त' म्हणजे साखरच, वेगळ्या नावाने. 'हाय फायबर' या शब्दांना मात्र कायदेशीर अर्थ आहे. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये ६ ग्रॅम चोथा असला, की असा दावा करता येतो. आता हे ६ ग्रॅम १०० ग्रॅमला आहेत; खोक्यावरील ३० ग्रॅमच्या एका वेळेत त्यातून दोन ग्रॅमही मिळत नाहीत. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे २५ ते ३० ग्रॅम चोथा हवा. आणि आपली ज्वारी? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटक तक्त्यांनुसार ज्वारीत १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम, बाजरी व नाचणीत सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो. म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत पाच ग्रॅम. तिच्यावर मात्र कोणी 'हाय फायबर' असे छापून देत नाही.

मागच्या बाजूला दोन गोष्टी असतात : घटकपदार्थांची यादी आणि पोषणमूल्यांचा तक्ता. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. पहिल्या क्रमांकावर 'अख्खे ओट्स', 'गव्हाचा कोंडा' किंवा 'अख्खा गहू' असेल तर पुढे वाचावे. पहिल्या तिनांत साखर असेल तर खोके परत फळीवर ठेवावे. येथे एक चलाखी असते. साखर, मध, माल्ट अर्क, ग्लुकोज सिरप, गूळ, अशी गोडाची चार-पाच नावे वेगवेगळी लिहिली, की प्रत्येक नाव यादीत खाली सरकते. ती सर्व मनातल्या मनात एकत्र करून पाहावीत.

तक्त्यात १०० ग्रॅमचा रकाना वाचावा. एका वेळच्या प्रमाणाचा रकाना सगळेच आकडे लहान करून दाखवतो. माझ्या रुग्णांना मी सांगते ती मापे अशी : चोथा ८ ग्रॅमच्या वर, शक्य तर १०, वरून घातलेली साखर ५ ग्रॅमच्या आत असल्यास उत्तम, १० च्या पुढे असल्यास नको, सोडियम ४०० मिलिग्रॅमच्या आत. ही माझ्या अनुभवातून बेतलेली मापे आहेत, कायद्याची नव्हेत. आणखी एक युक्ती आहे. कर्बोदकांच्या आकड्याला चोथ्याच्या आकड्याने भागावे. उत्तर दहाच्या आत आले तर धान्य बऱ्यापैकी अख्खे आहे असे समजावे. साध्या ओट्सचे उत्तर सातच्या आसपास येते, ज्वारीचेही तेवढेच. साध्या कॉर्नफ्लेक्सचे पंचवीसच्या पुढे जाते, आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाचेही तसेच. म्हणजे मक्याचे ते पापुद्रे खाणे हे चोथ्याच्या दृष्टीने पांढरा भात खाण्यासारखेच आहे. या युक्तीलाही बगल देता येते : चिकोरीच्या मुळांपासून काढलेले इन्युलिन वरून मिसळले, की चोथ्याचा आकडा फुगतो. इन्युलिन अपायकारक नाही. पण त्यामुळे अख्ख्या धान्याचे बाकीचे गुण येत नाहीत आणि नाजूक पोटाच्या माणसाला गुबारा धरतो.

प्रकारांविषयी थोडक्यात. मुलांसाठीची चॉकलेटी खोकी मी न्याहारीत धरतच नाही, तो खाऊ आहे. ग्रॅनोला म्हणजे तेल व गोडासह भाजलेले ओट्स. चवीला फार छान, आणि म्हणूनच वजन उतरवणाऱ्यांनी दुरून नमस्कार करावा. म्यूस्ली बिनसाखरेची मिळाली तर चांगली. 'बिनसाखरेची' म्हणून घेतलेल्या पाकिटातही पाकवलेली फळे नाहीत ना, ते पाहावे. गव्हाच्या कोंड्याचे फ्लेक्स चोथ्यात सरस असतात, पण त्यांत साखर बरीच असू शकते. मसाला ओट्सच्या पाकिटात मिठाचे प्रमाण वाचावे, विशेषतः रक्तदाब असणाऱ्यांनी. आणि शेवटी साधे, बिनचवीचे रोल्ड ओट्स, ज्यांच्या यादीत ओट्स या एकाच शब्दाशिवाय काही नसते. खोक्यातले काही घ्यायचेच असेल तर मी हेच सुचवते. ३५ ते ४० ग्रॅम ओट्स, म्हणजे कोरड्या मापाने साधारण अर्धा कप. पाण्यात शिजवावेत, वर साय काढलेले दूध किंवा घरचे दही, एक चमचा भाजलेल्या जवसाची पूड आणि फोडी केलेले अर्धे सफरचंद किंवा पेरू. जवसामुळे दोनेक ग्रॅम चोथ्याची भर पडते आणि चवही सुधारते. प्रथिनांसाठी सोबत एक उकडलेले अंडे किंवा मूठभर मोडाची मटकी असावी. नुसत्या ओट्सवर अकरा वाजता पुन्हा भूक लागते, हा माझा स्वतःचाही अनुभव आहे.

पण खोके घ्यायलाच हवे का? नाही. ज्वारीच्या लाह्या हे आपले जुनेच कुरकुरीत 'सीरिअल' आहे. ताकात किंवा दुधात भिजवून, वर थोडी जवसाची चटणी घालून खाता येतात. नाचणीची आंबील रात्री पीठ भिजवून ठेवले तर सकाळी दहा मिनिटांत होते. लापशीच्या रव्याचा भाज्या घातलेला तिखट उपमा, मोडाच्या मुगाची उसळ, भाजणीचे थालीपीठ, सगळे चालेल. पोह्यांत चोथा १०० ग्रॅमला साडेतीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बेताचाच. पण निम्मे पोहे आणि निम्मे मटार, गाजर, मोडाचे मूग असे केले, की तेच पोहे वेगळे होतात. शेंगदाणे काढून टाकू नयेत, मोजून घालावेत. मात्र परंपरेच्या नावाखाली स्वतःला फसवू नये : थालीपिठावरचा लोण्याचा गोळा कॅलरींतून सुटत नाही, आणि साबुदाण्याच्या खिचडीत चोथा जवळजवळ नसतोच, ती उपासाची असली तरी.

काही सावधगिरीच्या सूचना, ज्या मी त्या कागदावर लिहायला हव्या होत्या. चोथा एकदम वाढवू नये. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा आणि पाणी त्या मानाने वाढवावे, नाहीतर पोट फुगते आणि बद्धकोष्ठ उलट बळावते. थायरॉईडच्या गोळीचे वर आलेच आहे. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात. इसबगोल घेणाऱ्यांनी ते पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे आणि इतर औषधांत व त्यात दोन तासांचे अंतर ठेवावे. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि न्याहारी अचानक हलकी केली, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही तिची चिन्हे. अशांनी न्याहारी बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, आतडे अरुंद असलेल्यांनी व मूत्रपिंडाच्या रुग्णांनीही तसेच करावे. कोंड्यातील पोटॅशियम आणि फॉस्फरस मूत्रपिंडाच्या आजारात अडचणीचे ठरू शकते. गव्हाची खरी असहिष्णुता, म्हणजे सिलियाक आजार असलेल्यांनी ओट्स घेताना ते ग्लुटेनमुक्त असल्याचा उल्लेख पाकिटावर पाहावाच.

आणि वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी करावे. त्याहून महत्त्वाची टेप : भारतीय पुरुषांत कंबर ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

आमच्या बाईंच्या गोळीची वेळ आम्ही प्रथम बदलली. त्या पहाटे पाण्यासाठी नळ सोडायला उठतात, तेव्हाच आता गोळी घेतात आणि पुन्हा आडव्या होतात. मात्रा तीच ठेवली. न्याहारीला आठवड्यातून तीन दिवस ओट्स, तेही मोजून, आणि उरलेले दिवस भाकरी-उसळ किंवा लाह्या. नेहमीची वाटी बदलून त्यांनी लहान वाटी घेतली. काटा विकत घ्यायची गरज पडली नाही. आठ आठवड्यांनी टीएसएच ३.८ आले. तीन महिन्यांनी वजन ७१.२ झाले, म्हणजे सुरुवातीच्या आकड्यापेक्षा जेमतेम ३०० ग्रॅम कमी. त्या थोड्या हिरमुसल्या. मी त्यांना टेप दाखवली. कंबर तीन सेंटिमीटरने उतरली होती.

जाताना दारातून वळून त्या म्हणाल्या, "ते खोकं यांनी संपवलं हो. आता हे रोज मसाला ओट्स खातात, दोन-दोन पाकिटं." यांच्या रक्तदाबाची गोळी मीच देते. पुढच्या सोमवारी त्यांना घेऊन येण्यास सांगितले आहे, पाकिटासकट.